डाव्या भिंतीचा दांडा

"एवढ्याशा नळीला काय धरायचं?" मारोती कंत्राटदाराच्या माणसाला म्हणाला. स्टीलचा चकचकीत दांडा त्यानं हातात तोलून पाहिला आणि परत खाली ठेवला. कळंबोलीच्या लोखंड बाजारात सगळी उमर त्यानं सळ्यांचे भारे खांद्यावर वाहिले होते.

अपंगांच्या घरात सोयी करून द्यायची पालिकेची योजना होती. सून शर्मिलानं सासूच्या नावानं अर्ज केला, अनुदान मंजूर झालं, आणि आज जुईनगरच्या घरात पलंगापासून बाथरूमपर्यंतच्या अरुंद पॅसेजमध्ये दांडा बसणार होता. मारोतीला तो नको होता. का नको, ते कुणाला सांगायची मात्र लाज वाटत होती.

लग्न झाल्यापासून बायजाबाई त्याच्या मागून चालत आली. परभणीकडं, गावात, तीच रीत होती. इथं आल्यावरही ती सुटली नाही. तेव्हा इकडं धड रस्ते नव्हते, चिखलावर फळ्या टाकलेल्या असत. एकदा फळीवर ती डगमगली म्हणून त्यानं हात पुढं केला, तर तोंडाला पदर लावून हसली. "मान्सं बगायलेत," म्हणाली आणि एकटीच पलीकडं गेली. मग पोरं झाली, नातवंडं झाली. हात हातात घ्यायचं राहूनच गेलं.

पुढं तिला लकवा झाला. डावा हात गेला, डावा पाय ओढू लागली. तेव्हापासून रोज सकाळी तो तिच्या डाव्या अंगाला उभा राहायचा, तिचा लुळा हात हातात घ्यायचा आणि दोघं सावकाश पॅसेजमधून चालायची. चालता चालता तो गावच्या विहिरीच्या, बाजाराच्या गोष्टी काढायचा. त्याला न आठवलेली नावं ती पुरवायची. कधी तिथंच थांबून दोघं हसायची. म्हातारपणी हाती लागलेलं हे चालणं आता ती नळी घेऊन जाणार होती.

"आजी, उजव्या भिंतीला लावतो," तो माणूस पेन्सिलीनं खूण करत म्हणाला. "उजवा हात चांगलाय ना तुमचा?"

"डाव्या भितीला लाव, लेकरा," बायजाबाई पलंगावरून म्हणाली.

शर्मिला गोंधळली. "आई, तुमचा डावा हात उचलत पण नाही. धरणार कशानं?"

मारोतीला वाटलं, बिचारीला आता डावं-उजवंही कळेनासं झालं. तो समजूत घालायला वळला. पण ती त्याच्याकडं न बघता, आवाज बारीक करून सुनेला सांगत होती.

"डाव्या अंगाला हे असतेत. ह्यांचेच पाय लटपटायलेत आता, त्यांना धरायला व्हईल. म्या कवाची भार टाकीत न्हाई त्यांच्यावर, नुसता हात देते."