पाचव्या प्रकरणातली आई

“ही आई आपली न्हाई,” उदयसिंह म्हणाले आणि त्यांनी पुस्तक थोरल्या भावापुढं, आप्पासोंपुढं, गादीवर आपटलं.

सांगलीच्या मार्केट यार्डातली आप्पासोंची हळदीची पेढी. पुस्तकावर आप्पासोंचा फेट्यातला फोटो, खाली ‘आत्मचरित्र’. कोपऱ्यातल्या लोखंडी खुर्चीवर बिराप्पा बसला होता. ते आत्मचरित्र त्यानं लिहिलं होतं.

“पाचवं प्रकरण वाच, दादा. आई मेंढरांमागं हिंडायची म्हणं! आपली आई? पाटल्या घालून झोपाळ्यावर बसलेली बाई! परवा माझ्या पोरीला, सोनियाला, बघायला साताऱ्याचं पाहुणं आलं. पोहं खाताखाता इचारत्यात, तुमी नक्की कोण म्हणायचं? काय सांगू त्यास्नी?”

आप्पासो चष्मा शोधू लागले. त्यांनी पुस्तक वाचलं नव्हतं. वाटलं मात्र सगळ्या भावकीत होतं.

बिराप्पाचा धंदाच हा. कुपवाडच्या फाउंड्रीत सात वर्षं घाम गाळला. रद्दीतली पुस्तकं वाचून लिहायला शिकला. स्वतःची गोष्ट छापायला कुणी तयार होईना, तेव्हा दुसऱ्यांची आयुष्यं लिहायला लागला. एक बिल्डर, दोन चेअरमन, एक निवृत्त प्राचार्य. ज्यांना जन्मात एक वाक्य सरळ बोलता आलं नाही, ते सगळे ह्याच्या हातानं लेखक झाले. ऋणनिर्देशात बायकोचं नाव असायचं, छपाईवाल्याचं असायचं, एकदा तर कुत्र्याचं होतं. बिराप्पाचं नसायचं. तसं आधीच ठरलेलं असायचं. चूल त्यावरच पेटत होती.

आप्पासो तेरा दिवस बोलले होते. त्यातले नऊ दिवस हळदीच्या भावावर. आईवर एकच वाक्य, “आई लय चांगली होती.” एका वाक्याचं प्रकरण होत नाही. मग बिराप्पानं आपली आई घातली. अंबूबाई. दुष्काळात जतकडनं मेंढरं घेऊन कृष्णाकाठी उतरलेली. तापल्या डांबरावर स्वतःचं पायताण काढून पोराच्या पायात चढवणारी, सैल होतं म्हणून आत चिंधी कोंबणारी. कुणाच्या का नावानं होईना, आई पुस्तकात जाईल, असं त्याला वाटलं होतं. पण पुस्तक छापून आलं आणि ते घरी न्यायचा त्याला धीर होईना. अंबूबाई अजून धडधाकट होती. पुस्तकात मात्र ती मेली होती, कारण आप्पासोंची आई मेली होती.

“खरं सांग गड्या,” आप्पासो म्हणाले, “ही कुणाची आई?”

“माझी.”

“माझ्या पुस्तकात तुझी आई?”

“तुमची एका वळीत संपली, आप्पासो.”

उदयसिंह ताडकन उठले. “उद्याच्या पेपरात खुलासा आला पायजे, दादा. न्हाईतर मी कोर्टात जाणार. भाऊ म्हणून बघायचो न्हाई.”

आप्पासोंनी कोरा कागद बिराप्पापुढं सरकवला. “लिव. ती बाई आमची कुणी न्हवं, तुझी. आणि ते समदं तूच लिवलंस. खाली मी सही करतो.”

बिराप्पानं पेन उचललं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी त्याला खरं लिहायला सांगत होतं. त्यानं लिहिलं, ‘सदर पुस्तकाचे पाचवे प्रकरण बिराप्पा यांनी लिहिले असून त्यातील आई ही त्यांची आई अंबूबाई होय. त्या हयात आहेत.’ शेवटचं वाक्य कुणी सांगितलं नव्हतं. उद्या पेपर घेऊन थेट घरी जायचं आणि तिला वाचून दाखवायचं, एवढं त्यानं ठरवूनही टाकलं.

आप्पासोंनी सहीसाठी टोपण काढलं आणि फोन वाजला. पेढीवर सगळे फोन स्पीकरवरच घेतात. पुण्याच्या कुठल्याशा संस्थेचे अध्यक्ष बोलत होते. पुस्तकाला यंदाचा पहिला पुरस्कार.

“विशेषतः ते पाचवं प्रकरण! आमचे परीक्षक रडले हो. समारंभात तुमच्या धाकट्या बंधूंचाही सत्कार करू. त्याच माउलीचे पुत्र ना ते! आणि पत्रिकेवर छापायला आईंचा एक फोटो पाठवा. शक्यतो मेंढरांसोबतचा.”

फोन बंद झाला. मग उदयसिंहांनी खिशातनं रुमाल काढला आणि डोळ्यांना लावला.

“दादा, आईनं काढलेलं कष्ट आपुन कवा कुणाला सांगितलंच न्हाई.”

“आणि साताऱ्याचं पाहुणं?” आप्पासोंनी विचारलं.

“त्यास्नी बी बोलवू की. पुढच्या रांगेत बसवू.”

आप्पासोंनी कागदाची घडी घातली, फाडला, परत घडी घातली, परत फाडला. हळदीचे सौदे मोडतानाही ते इतक्याच शांतपणे मोडत. मग भिंतीवरच्या आईच्या तसबिरीकडं त्यांनी मान वर केली. नथ, शाल, कोरीव खुर्ची.

“ह्यो चालायचा न्हाई,” ते म्हणाले. “बिराप्पा, तुझ्या आईचा असंल की एखादा. मेंढरातला.”

बिराप्पा उठून उभा राहिला.

“हाय. एकच हाय. जत्रंत फोटोवाल्यानं काढलेला. पण त्यात ती एकली न्हाई, आप्पासो. तिच्या कडंवर मी हाय.”

आता तरी ह्यांची वाचा बसेल, असं त्याला वाटलं. आप्पासोंनी खरोखरच थोडा विचार केला.

“काळा-पांढरा हाय न्हवं?”

“व्हय.”

“मग आण की. ते पोरगं म्हंजे मीच, असं सांगतो.”