पाटलाची बैठक

“सायली आम्हाला मेली, एवढंच म्हनायचं. बाकीचं पंच बघतील,” असं सांगून दत्तोबा उठला. कंपनीच्या गाडीची वेळ झाली होती.

सुभद्राबाई त्याच्या पाठीकडं बघत राहिली. अंगात निळा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. चाकणच्या कारखान्यात दत्तोबा मशीन चालवायचा आणि सुपरवायझर दिसला की मान खाली घालायचा. कुरुळीतल्या या गल्लीत मात्र तो जमातीचा चौगुला, पाटलाच्या खालोखालचा पंच होता. मराठवाड्यातून पोटापाण्यासाठी आलेल्या घरांनी भांडीकुंडी आणली, तशी पाटील, चौगुला, कारभारी ही पदंही सोबत आणली होती. गावचा सरपंच निवडणुकीत बदलायचा. जमातीचा पाटील मरेपर्यंत पाटीलच.

सुभद्राबाईच्या थोरल्या लेकीनं, सायलीनं, आपल्याच शिफ्टमधल्या प्रज्वलशी कोर्टात लग्न केलं होतं. पोरगा निर्व्यसनी, पण जातीबाहेरचा. दोघांनी काळेवाडीत खोली घेतली. संध्याकाळी सायलीचा फोन यायचा, तेव्हा सुभद्राबाई मोरीत जाऊन, नळ मोठा सोडून तिच्याशी बोलायची.

नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. धाकट्या वर्षालीचं लग्न जमातीतच ठरलं होतं. बैठकीनं वाळीत टाकलं तर ते मोडणार, हे पोरीला कुणी सांगायची गरज नव्हती.

दुपारी सुभद्राबाई सोनबा पाटलांच्या दारात गेली. ते ओसरीवर बाज विणत बसले होते.

“पाटील, पदर पसरते. एका लेकीसाठी दुसरीला जितेपणी मारायला लावू नका.”

“बैठक तर व्हनारच, सुभद्रे. मी न्हाई बसलो तर दुसरा पाटील करतील. त्यो बी हेच करील.”

“तुम्हाला लेक असती म्हंजे कळलं असतं.”

सोनबांनी सुंभ करकचून ओढलं. “भाऊ व्हता,” ते एवढंच म्हणाले.

सुभद्राबाईचं उरलंसुरलं अवसान गेलं. सोनबांचा धाकटा भाऊ असाच वाळीत पडला होता. तो गेला तेव्हा सोनबा त्याच्या मातीलाही गेले नव्हते. त्या वेळी सगळी जमात म्हणाली होती, पाटील असावा तर असा. सख्ख्या भावाला खांदा न देणारा माणूस तिच्या पोरीची काय गय करणार?

ती वळली, तसे सोनबा मागून म्हणाले, “उद्या तू सगळ्यांच्या शेवटी बोल. आधी पंचांना बोलू दे.”

दुसऱ्या दिवशी कंपनीला सुट्टी होती. पाटलांच्या अंगणात माणसं जमली. मागच्या बाजूला, लिंबाखाली एक उंच गडी आणि ओढणी घेतलेली एक बाई बसली होती. दोघंही अनोळखी. “पाटलांचे पाहुणे हायत,” कुणीतरी म्हणालं. वर्षालीच्या होणाऱ्या सासरकडची असतील, सुभद्राबाईला वाटलं. तमाशा बघायला आलीत. तिनं पदर पुढं ओढला.

सोनबा पांढरा फेटा बांधून खुर्चीत बसले.

“आज सगळं रीतीनं होऊ द्या,” ते म्हणाले. “ज्यानं त्यानं उभं ऱ्हावं. नाव सांगावं, पद सांगावं, मग निवाडा बोलावा. उगं कुजबुज नको.”

पंचांना बरं वाटलं. कारभाऱ्यानं टोपी नीट केली. दत्तोबा छाती पुढं काढून उभा राहिला.

“मी दत्तोबा, जमातीचा चौगुला. सायलीचा जितेपणी दहावा घालायचा. आईनं घातला न्हाई, तर या घराला वाळीत टाकायचं. रोटी बंद, बेटी बंद. मयतीला कुनी खांदा द्यायचा न्हाई.”

“मोठ्यानं बोल,” सोनबा म्हणाले. “मागं ऐकू जात न्हाई.”

दत्तोबानं पुन्हा, खणखणीत आवाजात सांगितलं. मग कारभारी उठला. मग एकेक पंच. प्रत्येकाच्या शब्दासरशी सुभद्राबाई खाली खाली खचत गेली. शेवटी सोनबा स्वतः उभे राहिले.

“मी सोनबा, जमातीचा पाटील. ही बैठक मी बोलावली. निवाडा माझ्या समोर झाला. सुभद्रे, आता बोल.”

सुभद्राबाई उठली. वर्षालीनं तिचा हात घट्ट धरला आणि हळूच म्हणाली, “आई, ताई मेली असं म्हणू नको. माझं लग्न मोडलं तर मोडू दे.”

सुभद्राबाईनं लेकीकडं पाहिलं. मग मान वर केली.

“माझी सायली जिती हाय,” ती म्हणाली. “काल संध्याकाळीच बोलली माझ्याशी. काय जेवलीस, म्हनून इचारत व्हती. तिचा दहावा मी घालनार न्हाई.”

अंगणात एकच गिल्ला उठला. दत्तोबा तिच्या अंगावर धावून आला. सोनबांनी त्याला हातानं अडवलं आणि लिंबाकडं वळून विचारलं, “बाई, एवढं पुरं हाय का?”

ओढणीवाली बाई आणि तिच्यासोबतचा उंच गडी उठले. तिच्या हातात मोबाइल होता, त्यावर रेकॉर्डिंग चालू होतं. दुसऱ्या हातानं तिनं ओळखपत्र काढून दाखवलं. फाटकातून आणखी दोन शिपाई आत आले.

“फौजदार आहे मी. कुणीही जागचं हलायचं नाही. वाळीत टाकणं गुन्हा आहे.”

“पाटील!” दत्तोबा किंचाळला. “घात झाला! कुनी आनलं यांना?”

सोनबांनी फेटा उतरवून खुर्चीवर ठेवला आणि ते फौजदारबाईंपुढं जाऊन उभे राहिले.

“तक्रार माझी हाय, बाई,” ते म्हणाले. “अन् आरोपींत पयलं नाव बी माझंच घ्या.”