हौसाक्काचा नवस

कुरडयांचा चीक घोटता घोटता हौसाक्कानं साऱ्या बायकांदेखत सांगून टाकलं, "शालनच्या गोळ्या सुटल्या, की यमाईची ओटी भरणार. कालच नवस बोलले मी."

शालन तिची धाकटी जाऊ. छातीचा कॅन्सर हाडांत उतरलेला. पण ना सलाईन, ना केस गेलेले. एकवीस दिवस रोज एक गोळी, मग आठवडाभर सुट्टी. एवढ्यावर भागतंय म्हणजे दुखणं बेताचंच, असं हौसाक्कानं ठरवून टाकलं होतं. गोळ्या सुटल्या, की थकव्याची सबबही सरेल आणि शालन पहिल्यासारखी कामाला लागेल, हे त्या नवसामागचं खरं.

शालन सोऱ्या धुवायला मोरीवर गेली. हौसाक्का मागोमाग आली. "तोंड का उतरलं? कधी सुटणार म्हणाले डॉक्टर?"

"अक्का, या गोळीनं तो जात नाही, नुसता दबून राहतो. लागू पडतेय तोवर घ्यायची. ज्या दिवशी बंद करतील, त्या दिवशी समजायचं, आता तिचा उपयोग उरला नाही." शालननं सोऱ्याला चिकटलेला चीक नखानं काढला. "तुम्ही मायेनं बोललात, म्हणून चारचौघींत गप्प बसले."

मायेनं. हौसाक्काला मान वर करवेना.

संध्याकाळी ती देवळात गेली. देवीच्या तोंडाकडेही तिला बघवेना. "आई, आजवर माझं एकही मागणं ऐकलं नाहीस," ती उंबऱ्याकडे बघत पुटपुटली, "हेही ऐकू नको."