तोंडी कबुली

निधी समितीच्या सचिवांनी मोबाइल आडवा धरला आणि मोठ्या बाईंना म्हणाले, "देणगीदारांना पाठवायचंय. मुलांना फक्त 'आभारी आहोत' एवढी खूण करायला सांगा. अर्धं मिनिट पुरे."

समोर बावीस मुलं बसली होती. धुतलेले गणवेश, चापून बसवलेले केस. सगळ्यात मोठं आठ वर्षांचं, आणि एकालाही ऐकू येत नव्हतं. अशाच मुलांसाठी मिशनने ही निवासी शाळा काढली होती.

मंजुरीचं पत्र सचिवांनी आल्याआल्याच टेबलावर ठेवलं होतं. नवं छप्पर, मुलींसाठी न्हाणीघर आणि तीन शिक्षिकांचा पाच वर्षांचा पगार. या एका कागदासाठी मोठ्या बाईंनी सहा वर्षं समितीचे उंबरठे झिजवले होते. कागद आज आला, आणि तिन्ही शिक्षिका शुक्रवारीच राजीनामा देऊन गेल्या होत्या. दात होते तेव्हा चणे नव्हते, आता चणे आले तर दात नाहीत.

भांडण पगाराचं असतं तर मोठ्या बाईंनी ते कधीच मिटवलं असतं. पण शाळेतल्या एकुलत्या मोठ्या, चौदा वर्षांच्या मुलीने चर्चच्या मंडळीत सामील व्हायचं म्हणून उपासनेत उभं राहून आपला विश्वास हातांनी, खुणांच्या भाषेत सांगितला. तिथून सगळं बिनसलं. वरिष्ठ पाळकांनी ठराव केला, की विश्वासाची कबुली तोंडानेच व्हायला हवी, हातांची धरता येणार नाही. त्या पोरीचा बाप तिला तडक घरी घेऊन गेला. मग समितीने अट घातली, की निधी हवा असेल तर शाळेत काम करणाऱ्या प्रत्येकाने ठरावाखाली सही करावी. मोठ्या बाईंनी केली. गळक्या छपराकडे बघून केली आणि पेन खाली ठेवताना त्यांना स्वतःचीच चीड आली.

तिघी शिक्षिकांतल्या चष्मेवाल्या बाईंनी केली नाही. "त्या पोरीला मी काय तोंड दाखवू?" एवढंच म्हणाल्या. त्यांच्या मागोमाग बाकीच्या दोघीही गेल्या. मुलं मैदानावर असताना बॅगा उचलल्या, कारण त्यांना सांगायला उभ्या राहिल्या असत्या तर पाय निघाला नसता.

गेले तीन दिवस मोठ्या बाई नुसत्या चडफडत होत्या. समितीवर चडफडून झालं की चष्मेवाल्या बाईंवर. तत्त्व सांभाळून ही मोकळी झाली आणि पोरं टाकली माझ्या गळ्यात! आणि तेही झालं की स्वतःवर. अकरा वर्षं शाळा चालवली, पण धान्य, डॉक्टर आणि अर्ज यांतून मान वर काढायला फुरसत मिळाली नाही. खुणा येत होत्या त्या मोजून पाच-सहा. जेवा, झोपा, हात धुवा, रांग करा, पुरे. सगळे हुकूमच. बाकीचं सगळं चष्मेवाल्या बाई शेजारी उभ्या राहून सांगायच्या.

'आभार' तेवढं त्यांनी सकाळी पुस्तकात बघून घोटून ठेवलं होतं. त्यांनी हनुवटीला बोटं लावली आणि हात पुढे नेला. एकाही मुलाचा हात हलला नाही. मग पहिल्या बाकावरच्या, पुढचे दोन दात पडलेल्या मुलीने अंगठा आणि बोट जुळवून दोन गोल केले, डोळ्यांवर धरले आणि भुवया उंचावल्या. शेजारच्यानेही तसंच केलं. बघता बघता सगळा वर्ग तसाच बसला.

"वा, गोड आहेत हो," सचिव म्हणाले. "काय म्हणतायत?"

या मुलांत प्रत्येकाला खुणेचं नाव असतं. मोठ्या बाईंचं नाव म्हणजे कुलपात किल्ली फिरवायची. आणि हे डोळ्यांवरचे गोल कुणाचं नाव आहे, ते ओळखायला पुस्तक लागत नव्हतं.

"चष्मेवाल्या बाई कुठेयत, विचारतायत."

सचिवांनी मोबाइल खाली घेतला. माणूस वाईट नव्हता, चेहरा खरोखरच उतरला त्यांचा. मुलांना असं टांगून ठेवणं बरं नव्हे, असं ते म्हणाले. बाई आता येणार नाहीत, हे एकदा सांगून टाकलं की दोन दिवस रडतील आणि विसरतील.

"सांगा ना मग," मोठ्या बाई म्हणाल्या.

"मला कुठे येतं त्यांचं?"

"मलाही येत नाही. ज्यांना येत होतं त्यांना आपण घालवलं."

सचिवांनी मोबाइल खिशात घातला. मग म्हणाले, फळ्यावर लिहावं. मोठ्या बाईंनी फळ्याकडे बोट दाखवलं. त्यावर शुक्रवारचं 'क' आणि 'ख' तसंच होतं. वर्ग तेवढ्यावरच थांबला होता.

मुलं त्यांच्याकडे बघत होती. कुणीतरी सांगायलाच हवं होतं, आणि तिथे दुसरं कुणी नव्हतं. मोठ्या बाईंनी कमरेच्या किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या, दोन्ही हातांचे गोल केले आणि डोळ्यांवर धरले. 'चष्मेवाल्या बाई' इथपर्यंत त्यांना सांगता आलं. मग हात खाली आणून त्या पुढची खूण शोधू लागल्या.

तोवर बावीसच्या बावीस माना दाराकडे वळल्या होत्या.