वेलीखालच्या खाचा

वादळात पडलेलं अंगणातलं झाड तोडायला करवतवाला आला. बुंध्याला साठ वर्षं लपेटलेली वेल त्याने ओढून काढली.

"आजी, ह्या खाचा कसल्या?"

"धाकट्या भावाच्या उंचीच्या. दर वाढदिवसाला बाबा त्याला झाडाला टेकवून उभं करायचे आणि डोक्यापाशी खाच पाडायचे. नवव्या वर्षी तो अशाच वादळात बाहेर गेला, तो परतलाच नाही. नऊच असतील बघ."

"नऊ? मोजता मोजता दमलो, आजी. भाऊ ताडाएवढा होता की काय!"

मी वाकून बोट फिरवलं. खाचा पुरुषभर उंचीपर्यंत चढल्या होत्या. पुढच्या मात्र त्यांच्या शेजारून थोड्या थोड्या खाली उतरत होत्या, म्हातारपणी माझी उंची घटत गेली तशाच.

माझं बोट ओलं झालं. शेवटच्या खाचेतून अजून चीक गळत होता.