यमुनाबाईंची प्लीहा

अपघातात यमुनाबाईंची प्लीहा गेली होती. नवी प्लीहा प्रयोगशाळेतल्या काचपात्रात, गर्भात वाढावी तशी वाढत होती. ती पाहायला त्या एकट्याच आल्या. सोबत यायला कोणी नव्हतंच.

"मावशी, चूक झाली," तंत्रज्ञ तौसिफ म्हणाला. "पेशी तुमच्या अंगातूनच घेतल्या, पण निघाल्या तुमच्या बाळाच्या. आईच्या शरीरात त्या वर्षानुवर्षं राहतात. ही प्लीहा तुम्हाला मानवेलच असं नाही. टाकून देऊ, दुसरी वाढवू."

त्यांचं एकुलतं बाळ पाचव्या महिन्यात पोटातच गेलं होतं.

"मुलगा होता की मुलगी?"

सवयीनं त्यानं भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. गर्भलिंग सांगायला बंदी होती.

"आता कुठं जन्माला यायचंय ते? सांग की."

तौसिफनं मान खाली घातली. "मुलगी."

यमुनाबाईंनी कोमट काचेवर तळवा टेकला.

"मग हीच बसव. घरी दोघी राहू."