तेलाचं बोट

शाफ्ट टेम्पोतून उतरवून लाकडी ठोकळ्यांवर ठेवला. त्याची साल निघाली होती. सगळीकडची नाही, मधोमध, रुपयाएवढी. आत जुनं काळं लोखंड दिसत होतं आणि भोवतीची नवी कड वर उचलली होती.

"ह्या कडेनं पंपाची गळती अडवणारी ग्लँडची दोरी कापली," साखर कारखान्याचा इंजिनिअर म्हणाला. "पंप चालू होता. उकळता रस फुटून बाहेर आला. समोर आमचा कामगार दगडोबा उभा."

"कसा हाय आता?" शिवराजनं विचारलं. वर्कशॉप त्याचं होतं.

"सकाळी दवाखान्यातच गेला. सोलापुरात."

जळकोटच्या हायवेवरनं ट्रक जात राहिले. वर्कशॉपात एकही मशीन चालू नव्हतं. लेथला टेकून सिद्धाराम उभा होता. झिजलेल्या शाफ्टवर वितळलेल्या तारेचा फवारा मारून त्याला नवी कातडी चढवायची, हे काम इथं तोच करायचा. बाकीचे नळी धरायला.

"खडे मारून लोखंड खरबरीत केलं, त्यानंतर कुणाचा हात लागला?" इंजिनिअर म्हणाला. "तेलाचं एक बोट लागलं तरी फवारा धरत नाही. हे मी सांगायचं का तुम्हाला?"

लक्ष्मम्मा दारात उभी होती. शिवराजची आई. वर्कशॉप टाकलं तिच्या नवऱ्यानं, पण माणूस ठेवायचा का काढायचा ते तिनं ठरवायचं. दर अमावास्येला लेथला आणि कॉम्प्रेसरला कुंकू लावायची तीच. बोट आधी तेलात, मग कुंकवात, म्हणजे कुंकू गळत नाही. गेल्या अमावास्येला कारखान्याचं पहिलंच काम आलेलं. म्हणून तिनं शाफ्टलाही लावलं.

सिद्धाराम तेव्हा फवाऱ्याची गन हातात धरून बघत होता. पुन्हा खडे मारून ते कुंकू उडवायला पाहिजे होतं. पण घरात मालक अंथरुणाला खिळलेला, आणि त्याच्या बायकोनं लावलेलं कुंकू तिच्या देखत कसं उडवायचं? कुणी उडवलं असतं? त्यानं वरूनच फवारा मारला.

"म्या लावला हात," सिद्धाराम म्हणाला. "चुकून लागला."

"बघा साहेब," शिवराज म्हणाला.

लक्ष्मम्मा पुढं आली. "कुणी लावला?"

"अव्वा, तुमी घरात जावा."

"तुला न्हाय विचारलं. ह्याला विचारते. तोंड वर करून सांग रं, कुणी लावला?"

सिद्धारामनं तोंड वर केलं नाही.

"मला झाकायला तुला कुणी बोलावलं? माझ्या पदराला काय भोकं पडल्यात?" ती इंजिनिअरकडं वळली. "ऐका साहेब. बोट माझं हुतं. तेलाचं, कुंकवाचं. ह्यानं बघितलं आन् गप बसला, ती ह्याची चूक. पण बोट माझं. दगडोबाच्या घरी जाऊन असंच सांगा."

इंजिनिअरनं शिवराजकडं बघितलं. शिवराज हसला. असलं हसणं तिनं त्याला शिकवलं नव्हतं.

"वय झालंय साहेब. अण्णा अंथरुणाला पडल्यापासनं असंच कायबाय बोलत्यात."

"शिवऱ्या! मला येडी ठरवतूस?"

शिवराज मग कानडीत बोलला, साहेबाला कळू नये म्हणून. मालकाच्या घरातनं चूक झाली म्हटलं तर वर्कशॉपला कुलूप लागंल. कामगाराची म्हटलं तर एक कामगार जाईल. एवढं तुमाला कळत न्हाय का अव्वा?

सिद्धारामच्या घरातही कानडीच बोलतात. तो शाफ्टकडं बघत राहिला.

"आन् ह्याची बायकू? ह्याची लेकरं?"

"बघू की आपण."

"तू बघणार! बापाच्या खाटंजवळ यायला तुला सवड न्हाय, आन् तू ह्याची लेकरं बघणार."

"चौकीत जबाब द्यायला एक माणूस पाहिजे," इंजिनिअर म्हणाला. "तुमच्या घरातली भांडणं नकोत. कोण येतंय?"

लक्ष्मम्मा इंजिनिअरच्या जीपकडं चालू लागली. कुणी अडवलं नाही, कारण तिला अडवायची कुणाला सवय नव्हती. निऱ्या सावरून ती मागच्या सीटवर चढून बसली.

"चल रं," ती ड्रायव्हरला म्हणाली. "गाडीला काय मुहूर्त लागतो?"

ड्रायव्हरनं शिवराजकडं बघितलं. तिच्याकडं नाही.

शिवराजनं दोन कामगारांना खूण केली. "माफ करा अव्वा," म्हणत दोघांनी तिला काखेत हात घालून उचललं. दोघांची गरज नव्हती, एकानंही भागलं असतं. तिनं एकाच्या थोबाडीत दिली. त्यानं ती खाल्ली, पण हात सोडला नाही. खाली उभी केल्यावर तिची एक चप्पल जीपमध्ये राहिली होती, ती कुणीतरी काढून तिच्या पायाशी ठेवली. तिनं ती घातली नाही.

"माझ्यावर हात टाकला," ती म्हणाली. ते कुणाला उद्देशून होतं कळलं नाही.

सिद्धारामनं अंगातला कामाचा कोट काढला, घडी करून लेथवर ठेवला आणि जीपमध्ये चढला. मागची सीट सगळी मोकळी होती. तो खाली पत्र्यावर, सीटच्या पायाशी उकिडवा बसला.

"वर बस की," इंजिनिअर म्हणाला. "जागा आहे."

"ऱ्हाऊ द्या साहेब," सिद्धाराम म्हणाला. "तिथं अव्वा बसल्या हुत्या."